माझ्या हातावरून धरलेला रंग

"हात पुढे कर."

मी केला.

"बाही वर घे. अजून वर. कोपरापर्यंत."

घेतली. नानांनी माझं मनगट धरलं, हात उचलला आणि सानिकाच्या गालाजवळ नेला. कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस साडीला लावून बघतात ना, तसा. नाना म्हणजे धुळ्याहून येणारे रंगभूषाकार. सानिका म्हणजे आमच्या नाटकाची नायिका. तिचा अर्धा चेहरा गोरा होता आणि अर्धा तपकिरी झाला होता. समोर आरसा, त्याच्याभोवती बल्ब. त्या आरशात तिचा गाल दिसत होता, माझा हात दिसत होता आणि मागे उभी राहून बघणारी सगळी मंडळी दिसत होती.

सर म्हणाले, "नाना, अजून थोडा काळा. शेड ह्या हातावरूनच धरा. अस्सल पाहिजे मला."

नाना स्पंज घोळवत म्हणाले, "सर, त्यापेक्षा हिलेच उभी करा ना. रंग तरी वाचई."

हशा पिकला. सर सगळ्यात मोठ्याने हसले. सानिकाही हसली, पण गालावरचा रंग हलू नये म्हणून ओठ दाबून. आणि मी? मीपण हसले. काय करणार? हसले नसते तर "हिला गंमत कळत नाही" म्हणाले असते. मग नानांनी पुन्हा स्पंज बुडवला, एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा तिच्या गालाकडे. "हात हलवू नको बेटा," सर म्हणाले. मी हलवला नाही. खांदा दुखायला लागला तरी हलवला नाही.

जळगावातल्या एका हॉलमागची ती मेकअपची खोली. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचा प्रयोग. नाटक आदिवासी बाईवरचं. आदिवासी बाईचं काम करणारी पोरगी डाळ मिलवाल्यांच्या घरची. आणि त्या खोलीत सातपुड्यातून आलेली एकटीच मुलगी होते मी. माझं काम होतं हात धरून उभं राहण्याचं.

नाटकाचं नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात कशाला करू?

आम्ही पावरा. चोपड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. मी जळगावला कॉलेजला आले, वसतिगृहात राहिले. तोवर नाटक म्हणजे काय ते बघितलेलंच नव्हतं. आमच्याकडे होळीला पुरुष अंगावर ठिपके काढून, कमरेला घुंगरं बांधून नाचतात. त्याआधी व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, पायात चप्पल घालत नाहीत. ते बघत मी मोठी झाले, पण त्याला कुणी कला म्हणेल असं कधी डोक्यात आलं नाही. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मैत्रिणीबरोबर एक नाटक बघायला गेले. एक बाई उजेडात उभी होती. काही बोलत नव्हती. आणि एवढी माणसं अंधारात बसून तिच्याकडे बघत होती, ती काय बोलते याची वाट बघत होती. मला कळेचना, असंही होतं? एखाद्या बाईने तोंड उघडायची एवढी माणसं वाट बघतात? आमच्याकडे तलाठी कार्यालयात आयने, माझ्या आईने, तोंड उघडलं की शिपाई म्हणतो, "मागे हो गं." माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच भूत बसलं. मला त्या उजेडात उभं राहायचं होतं.

म्हणून सरांच्या संस्थेत गेले. सर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी नाटकं बसवायचे. शहरात नाव होतं. खादीचा झब्बा, गळ्यात शबनम, प्रत्येक पोरीला "बेटा". मला बघून खूश झाले. "आपल्याला असेच चेहरे हवेत," म्हणाले. वर्षभर मी गर्दीत उभी राहिले. बाजारातली बाई, मोलकरीण, मोर्चातली बाई, पुन्हा मोलकरीण. वाक्य एकच असायचं, "बाईसाहेब, चहा." तेही मी आरशासमोर घोकून घोकून म्हणायचे. वेड लागलं होतं, दुसरं काय.

मग एका तालमीनंतर टपरीवर चहा पिताना सर म्हणाले, "बेटा, तुमच्याकडचं काहीतरी सांग ना. खरंखुरं."

मी सांगितलं. इतक्या मायेने कुणी विचारलं नव्हतं तोवर.

मी लहान होते. धाकटा भाऊ अंगावर पीत होता अजून. होळीच्या आधीचे दिवस, भोंगऱ्या बाजाराचे, म्हणजे आमच्या होळीच्या जत्रेचे. बापू, माझा बाप, ऊसतोडीला गेलेला. भावाला ताप भरला आणि उतरेना. आयने त्याला झोळीत बांधलं, मला हाताला धरलं आणि आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आलो. गाडी मिळाली, दवाखान्यात पोहोचलो. तिथे डॉक्टरने डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि म्हणाला, "उशीर केला." संपलं.

आता घरी कसं जायचं? दवाखान्याची गाडी मागितली तर म्हणाले, गाडी नाही. खाजगी गाडीवाला मेलेलं पोर घेत नाही. सणाच्या दिवसात तर नाहीच नाही. आयने काय केलं? त्याला पुन्हा झोळीत बांधलं, छातीशी धरलं आणि बाजारातून परत जाणाऱ्या क्रूझरमध्ये जाऊन बसली. गाडी खच्चून भरलेली. कुणाच्या अंगावर गुलाल, कुणाच्या मांडीवर ढोल. आय त्याला थोपटत होती. गाडी दगडावरून उडाली की आपण पोराचं डोकं सावरतो ना, तसं सावरत होती. शेजारच्या बाईने विचारलं, "ताप आहे का?" आय म्हणाली, "झोपलंय." त्या बाईने मला जिलेबी दिली. मला सगळं माहीत होतं. मी ती जिलेबी हातात धरून बसले, खाल्लीही नाही आणि टाकलीही नाही. गाव येईपर्यंत आय थोपटत राहिली. तोंडातून आवाज नाही, डोळ्यातून पाणी नाही. रडली असती तर मधल्या रानात उतरवलं असतं आम्हाला. आम्ही उतरलो, गाडी पुढे गेल्यावर ती मोहाच्या झाडाखाली बसली आणि मला म्हणाली, "जा, काकाला बोलाव." ती रडली ते घरात गेल्यावर.

माझं सांगून झालं. चहा गार झाला होता. सरांचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू? माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काय नाट्य आहे गं ह्यात!"

अरेरे नाही. आई कशी आहे आता, तेही नाही. नाट्य आहे.

पण तेव्हा मला ते लागलं नाही. उलट भारी वाटलं. कारण पुढे ते म्हणाले, "यावर नाटक करायचं. आणि ते तूच करायचं बेटा. तुझ्याशिवाय कोण करणार?" मी वसतिगृहात नाचतच गेले.

नाटक लिहून झालं. बाईचं नाव रुमली. वाचनाला सगळे गोल बसले. सरांनी कामं वाटली, "रुमली, सानिका." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग माझं आलं, "समूह. गावातली बाई."

सानिकाच्या वडिलांनी नेपथ्याचा आणि हॉलचा खर्च उचललाय, हे मला नंतर कळलं. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही मला. पोरगी गोड होती. डब्यातलं भरीत आधी मला द्यायची. "तुझी स्किन किती छान आहे गं, मला हेवा वाटतो," असंही म्हणायची. हेवा वाटतो म्हणायचं आणि तीन वेळा साबणाने खरवडून रंग काढायचा. असो.

मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, तुम्ही म्हणाला होतात मी करायचं."

सर हसले. खांद्यावर हात ठेवला. "बेटा, नीट विचार कर. तू केलंस तर त्यात अभिनय काय राहिला? तू तर आहेसच तशी. सानिका करते तेव्हा तो परकायाप्रवेश होतो. त्याला कला म्हणतात."

 आज ह्याला शंभर उत्तरं सुचतात. म्हणजे ब्राह्मणाच्या पोराने ब्राह्मणाचं काम केलं तर तो नट. पाटलाने पाटलाचं केलं तर तो नट. डॉक्टरीणबाईंनी डॉक्टरीणबाई केली तर वृत्तपत्रात फोटो. आणि मी माझ्या आयचं काम केलं तर तो अभिनयच नाही? मग काय ते? जनावर चरतं ते? मोलकरीण करताना नाही कुणी म्हणालं, की बेटा तू कुठे मोलकरीण आहेस, ह्यात परकायाप्रवेश किती छान झाला!

पण तेव्हा गप्प बसले. शहरात राहायचं म्हणजे गप्प बसायचं, हे अंगवळणी पडलं होतं.

तालमी सुरू झाल्या. आयचा प्रसंग नाटकाच्या शेवटी ठेवला होता. गावातली बाई, म्हणजे मी, गाठोडं घेऊन येणार. रुमली म्हणणार, "माझं लेकरू कुठंय?" मी गाठोडं तिच्या हातात देणार. तिला कळणार. मग ती किंकाळी फोडणार, केस मोकळे सोडणार, गरगर फिरणार, गाठोडं आभाळाकडे धरून डोंगराला शिव्या देणार. मग शहरातला डॉक्टर येऊन तिला उठवणार. त्याचं भाषण. पडदा.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "सर, आय रडली नव्हती."

"हो गं. पण स्टेजवर गप्प बसून परीक्षक मार्क देतात का? आक्रोश दिसला पाहिजे."

"पण ती रडली असती तर गाडीतून उतरवलं असतं. तेच तर आहे ना त्यात."

"बेटा," सर म्हणाले, आणि आता त्या बेटामध्ये जरा खडा होता, "तुझी आई वेगळी, रुमली वेगळी. रुमली हे प्रतीक आहे. तुला नाही समजणार ते."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे ज्याचं जळलं त्यालाच म्हणे समजत नव्हतं. रोज मी ते गाठोडं नेऊन द्यायचे. चिंध्यांचं, आत वजनाला पाण्याची बाटली. वरचं कापड माझंच होतं, आयच्या जुन्या लुगड्याचं. सरांनी मागितलं, "अस्सल" पाहिजे म्हणून, आणि मी आणून दिलं. रोज सानिका ते आभाळाकडे धरून किंचाळायची. रोज सर म्हणायचे, "अजून! अजून आतून!"

मग सरांच्या डोक्यात नवीन टूम निघाली. "तुझ्या आईला बोलव ना प्रयोगाला. पारंपरिक वेशात. ते चांदीचे दागिने असतात ना तुमचे, ते सगळे घालून. शेवटी स्टेजवर बोलवू, साडीचोळी, श्रीफळ देऊ. खरी रुमली! परीक्षकसुद्धा हेलावतील."

मी आयला फोन केला. एवढंच सांगितलं, "नाटक आहे. मी आहे त्यात. ये." ती म्हणाली, "तू दिसशील का?" मी म्हटलं, "दिसेन."

आणि रंगीत तालमीच्या दिवशी तो हात. सुरुवातीला सांगितला तो. सगळे गेल्यावर मी नळाखाली हात धरला आणि धुतला. काय धुवत होते कुणास ठाऊक. रंग तर तिच्या गालाला लावला होता, माझ्या हाताला काहीच लागलेलं नव्हतं. वेड्यासारखी धूत राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवर नाही. माझ्याच त्या हातावर. का धरून ठेवला होता मी तो? झोळीत पोर मेलेलं असताना आयने हात हलता ठेवला होता, कारण तिला दोन जिवांना घरी न्यायचं होतं. मी कशासाठी स्थिर ठेवला होता? दुसरीचा गाल काळा व्हावा म्हणून?

प्रयोग दुपारचा होता. आय एसटीने आली. तापीच्या पुलावर वारा किती होता ते सांगत होती. पांढऱ्या चांदीने गळा भरलेला, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी भाकरी. लेकीचं नाटक म्हणून सगळं अंगावर घालून आली होती. दारातच सरांनी तिला पकडलं. "व्वा! काय फेस आहे!" म्हणाले आणि मोबाइल काढून तिच्याबरोबर फोटो घेतला. नमस्कार राहिलाच. तिला पुढच्या रांगेत, कडेला बसवलं, शेवटी लगेच वर नेता यावं म्हणून.

मी मेकअपच्या खोलीत गेले. सानिका खुर्चीत. नानांनी स्पंज भिजवला आणि न बघताच हात पसरला. "दे व माय, हात दे."

"नाही देणार."

नानांनी मान वर केली. "काब्र चिडी ऱ्हायनी व माय?"

"हात माझा आहे नाना. रंग बाटलीत आहे. त्यावरून धरा काय धरायचं ते."

 सानिका आरशातून माझ्याकडे बघत होती. नानांनी हात मागे घेतला आणि अंदाजाने रंग लावायला लागले. कुणीतरी मागून पुटपुटलं, "यांना जरा वर घेतलं की असं होतं." मी बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि बाहेर आले.  बरं वाटत होतं. पहिल्यांदाच या लोकांना नाही म्हटलं होतं आणि छत काही कोसळलं नव्हतं.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. लोक म्हणतात, कट होता. कसला कट? मला माझं काम करायचं होतं. गाठोडं न्यायचं, द्यायचं, बाजूला व्हायचं. मी विंगेतून गाठोडं घेऊन निघाले. सानिका मध्यभागी उभी. समोर अंधार. पण स्टेजचा उजेड पुढच्या रांगेवर सांडतो थोडा, आणि त्या उजेडात चांदी चमकली. आय. ती पुढे झुकून माझ्याकडे बघत होती. मग माझ्या हातातल्या गाठोड्याकडे. मग त्या कापडाकडे. तिला कापड ओळखू आलं, हे मला इतक्या लांबून दिसलं.

"माझं लेकरू कुठंय?" सानिका म्हणाली.

मला गाठोडं देता येईना. हातच पुढे जाईना. मी खाली बसले. स्टेजवर, जमिनीवर, मांडी घालून. गाठोडं छातीशी घेतलं आणि थोपटायला लागले.

"माझं लेकरू कुठंय!" सानिकाने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मी थोपटत होते. ती वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "दे ना गं. प्लीज." बिचारीला घाम फुटला होता. मानेवरून तपकिरी ओघळ निघाला होता.

विंगेतून सरांचा दबका आवाज आला. "दे! दे तिला!" मग, "अगं ए!" आणि मग, "ए भिलटे, दे ना ते!"

कालपर्यंत बेटा होते. वर्षभर बेटा होते. एका गाठोड्यासाठी खरं नाव बाहेर आलं. भिल्ल कोण, पावरा कोण, एवढंही त्यांना वर्षभरात माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं. पण शिवी द्यायला तेवढं पुरतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. थोपटत राहिले. हॉलमध्ये कुणी खोकेना. एवढी माणसं अंधारात बसून एका बाईकडे बघत होती, ती काही बोलते का याची वाट बघत होती. मला हवं होतं ते हेच. आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, फक्त हात होता.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग मी उठले. विंगेत गेले नाही. पुढच्या पायऱ्या उतरून सरळ खाली गेले, आयच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "चल." ती उठली. पिशवी घेतली. आम्ही मधल्या वाटेने बाहेर पडलो. पाठीमागे डॉक्टरचं भाषण सुरू झालं होतं.

आम्ही रिक्षा केली. स्टँडवर चोपड्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर तिने गाठोडं माझ्या हातातून घेतलं, गाठ सोडली. आतून चिंध्या आणि पाण्याची बाटली निघाली. बाटली तिने बाकावर ठेवली. कापड झटकलं, नीट घडी घातली आणि पिशवीत भाकरीखाली ठेवलं.

मला वाटलं आता रागावेल. कुणाला विचारून सांगितलंस, म्हणेल. म्हणाली नाही. आमच्या बोलीत हळूच विचारलं, "त्याचं नाव सांगितलंस का त्यांना?"

"नाही."

"खरं?"

"खरं. त्यांनी विचारलंच नाही."

तिने मान हलवली. "नको सांगू," म्हणाली. मग गाडी आली.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण असं कुठे संपतं? काही दिवसांनी धुळ्याला बक्षीस समारंभ झाला. मी गेले नव्हते, मला कोण बोलावणार? सानिकाने व्हिडिओ पाठवला. परीक्षक बोलत होते, चष्मा पुसत. शेवटच्या प्रसंगात अपेक्षित आक्रोश टाळून दिग्दर्शकाने जे मौन योजलं, त्याला तोड नाही, म्हणाले. गावातल्या एका साध्या बाईकडे ते लेकरू देणं ही केवढी सूचक कल्पना! दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस. आणि सर स्टेजवर गेले. हात जोडले. मान लववली. ढाल घेतली. म्हणाले, "हे मौन मला सातपुड्याने शिकवलं."

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, बघितला तेव्हा. विंगेतून मला भिलटे म्हणणारं तोंड तेच. मौन शिकवलं म्हणे! सानिकाने खाली लिहिलं होतं, "तुझ्यामुळे मिळालं गं. थँक्स." मी मोबाइल भिंतीवर मारणार होते. मारला नाही, कारण दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. उशीत तोंड खुपसून ओरडले. रडले नाही, ओरडले. संस्थेच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं होतं. "संधी दिली, तिने माती केली," असं सर सगळीकडे सांगत होते. माती माझी आणि ढाल त्यांची!

आता मी शिंदखेड्याकडे एका आश्रमशाळेत शिकवते. पोरांना कविता म्हणायला लावते, सोंगं करायला लावते. कुणाचाही रंग कुणाच्या हाताला लावून बघत नाही.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. नंबर बदललेला होता म्हणून उचलला. आवाज तोच, मधात बुडवलेला.

"बेटा, कशी आहेस? झालं गेलं विसर. ऐक, नाटक पुन्हा करतोय. मोठे दौरे आहेत. आणि ह्या वेळी रुमली तूच. आता काळ बदललाय ना, आता मूळ माणसानेच करावं असं म्हणतात सगळे."

बघा. हवं होतं ते आलं होतं. फोन धरलेला हात गरम झाला. खोटं नाही बोलणार, क्षणभर तो उजेड दिसला मला.

"फक्त एक आहे," सर म्हणाले. "शेवटी मौन आहेच, ते गाजलंय. पण त्यानंतर तू एकदाच बाळाला नावाने हाक मारायची. थिएटर फुटेल. तुझ्या भावाचं खरं नाव काय होतं गं?"

"नाही सांगणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगणार."

"अगं, नावात काय एवढं? तो तर आता..." ते थांबले. "दुसरं ठेवू मग. एखादं तुमच्यातलं."

"ठेवा. आणि बाईपण दुसरी बघा. मी येणार नाही."

"तुला कळतंय का तू काय सोडतेयस?"

"कळतंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मला पक्कं कळतंय. म्हणून सांगते, ऐका. मी नाटक करणार आहे. आमच्या गावात, होळीच्या मैदानावर, दिवसाउजेडी, आमच्या बोलीत. आयला विचारलं आहे. ती बऱ्याच दिवसांनी हो म्हणाली. माझ्या आयचं काम मी करणार आणि ते बघून कुणी ह्याला अभिनय म्हणो न म्हणो, मला विचारायला येऊ नका. जळगावहून, धुळ्याहून कुणाला यायचं तर या. पुढची रांग नाही, सगळ्यांनी मातीत बसायचं. रडायची सोय केलेली नाही. कुणाला बोली कळली नाही तर शेजारच्या बाईला विचारा, तिला वाटलं तर ती सांगेल.

हाताचा रंग घेतलात. कापड घेतलं होतंत, ते परत आणलं. गोष्ट घेतलीत, गप्प बसणंसुद्धा घेतलंत आणि त्याची ढाल कपाटात ठेवलीत. भावाचं नाव राहिलंय. ते मला माहीत आहे आणि आयला माहीत आहे. ते इथेही लिहिलेलं नाही, आणि लिहिणार नाही.